वयात आला की डोळ्यांची खाज जाते म्हणतात. पण बुबुळाचं काय?

हरिपूर_रोड

नमस्कार मंडळी. इथे वाचते रोज, लिहिते क्वचित. आज अडलंय म्हणून धागा काढला.

मुलगा ९ वर्षांचा, चौथीत. आम्ही सांगलीत. तीन वर्षं झाली, होळी पेटली की याचे डोळे पेटतात. लाल, सतत पाणी, आणि खाज अशी की एका हातात घास आणि दुसरी मूठ डोळ्यात. सकाळी चिपडं निघतात तीही साधी नाहीत, ओढली की शेवयीसारखी तार येते. पहिल्या वर्षी डॉक्टर ॲलर्जी म्हणाले, ड्रॉप दिला, बरं वाटलं. दुसऱ्या वर्षी आम्ही शहाणे झालो. ओळखीच्या मेडिकलमधून 'डोळे लाल झालेत, काहीतरी द्या' म्हणून बाटली आणली. दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र! मग काय, तीच बाटली. संपली की रिकामा खोका दाखवून दुसरी. किती झाल्या ते मोजलं नाही, आता मोजायची भीती वाटते.

यंदा मार्चमध्ये हा उजेडात डोळाच उघडेना. खेळायला जायचं सोडून बेडरूममध्ये पडदे लावून बसायला लागला, तेव्हा चरकले आणि मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वरची पापणी उलटी केली आणि मला पडद्यावर दाखवली. आतून अक्षरशः मक्याचं कणीस. मग नारिंगी कागदाची बारीक पट्टी डोळ्याला टेकवली, निळा दिवा लावला. बुबुळाच्या वरच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा आडवा डाग, हिरवागार चमकणारा. 'शील्ड अल्सर' म्हणाले. म्हणजे बुबुळावर, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेवर, जखम. शिवाय डोळ्याचं प्रेशर २६. मेडिकलमधली ती बाटली स्टेरॉइडची निघाली, त्यानेच प्रेशर वाढलं म्हणाले.

आता माझा गोंधळ. एक, त्यांनी स्टेरॉइडचाच ड्रॉप दिलाय, वेळापत्रक लावून, सोबत प्रेशर कमी करायचा ड्रॉप. ज्याने प्रेशर वाढलं म्हणतात तेच परत कसं देतात? दोन, सायक्लोस्पोरिन नावाचा ड्रॉप काही महिने घालायचाय, आणि तो इतका चुरचुरतो की रोज घरात कुस्तीचा आखाडा. तीन, सासूबाई म्हणतात, 'मिसरूड फुटली की आपोआप जातं, आमच्या धाकट्याचं गेलं, कशाला पोराला छळतेस.' डॉक्टरसुद्धा म्हणाले की वयात येताना बहुतेकांचं कमी होतं. मग थांबायचं का? कुणाच्या घरात हे झालंय?

भडंगप्रेमी

वाचतोय. आमच्या पुतण्याला पण आहे हे. आम्ही 'डोळे आले' म्हणून त्याला आठवडाभर वेगळ्या ताटात जेवायला घालायचो, बिचारा.

तासगावचा_बेदाणा

ताई, आमच्याकडं शेडवर बेदाणा टाकला की फेब्रुवारी-मार्चमधी सगळ्या घराचं डोळं लाल. बेदाण्याला गंधकाची धुरी देत्यात, रंग यावा म्हणून. शेडच्या वाऱ्याला हुबं ऱ्हायलं तरी चुरचुरतंय. मला वाटतंय तुमच्याकडं पण असंच कायतरी हवेत असणार. ऊसतोड चालू असंल तर फडाची राख बी उडती. गुलाबपाणी घाला, गार वाटतंय.

तिरकी_नजर

कराडमध्ये डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासायचं काम करते. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण अशी मुलं मार्च ते जून रोज बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

बेदाणा दादा, गंधकाच्या धुराने होतं ती जळजळ. शेडपासून लांब गेलात, डोळे धुतलेत की संपलं. आणि ती घरातल्या सगळ्यांना होते. ताईंच्या मुलाला झालंय ते वेगळं. त्याला व्हीकेसी (व्हर्नल केराटोकंजंक्टिव्हायटिस, डोळ्यांची जुनाट ॲलर्जी) म्हणतात, जुने डॉक्टर 'स्प्रिंग कॅटार' म्हणतात. नावात वसंत आहे, पण आपल्याकडच्या उन्हात आणि धुळीत काही मुलांना ते बारा महिने असतं. मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त. आधीच ॲलर्जी असलेल्या डोळ्यात धूर-धूळ गेली की त्रास भडकतो, तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर.

आता जखम कशी होते. पापणीच्या आतले ते मक्याचे दाणे दर मिचकावणीला बुबुळावर घासतात. दिवसात किती वेळा मिचकावतो विचार करा. त्यात ॲलर्जीच्या पेशी, इओसिनोफिल म्हणतात त्या, अशी प्रथिनं सोडतात की बुबुळाचं वरचं नाजूक अस्तर मरतं. आधी टाचणीने टोचल्यासारखे बारीक ठिपके पडतात, ते एकत्र होऊन जखम. वरची पापणी जिथे घासते तिथेच, म्हणून डाग वरच्या अर्ध्या भागात आणि आडवा. तो नारिंगी रंग अस्तर निघालेल्या जागी बसतो आणि निळ्या उजेडात हिरवा दिसतो. तुम्ही पाहिलंत ते तेच.

जखम लवकर भरली तर ठीक. रेंगाळली तर तिच्यावर पांढरा कडक थर बसतो. मग ड्रॉप कितीही घाला, अस्तर त्या थरावर चढत नाही. तो थर ऑपरेशन थिएटरमध्ये खरवडून काढावा लागतो. एकदोघांना वरून गर्भाच्या आवरणाचा पातळ पापुद्रा लावलेलाही मी पाहिलाय. शिवाय उघडी जखम म्हणजे जंतूंना उघडं दार. एवढं सगळं भरून आल्यावर मागे पांढुरका वण राहू शकतो. आपल्याकडे 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतात, तशातलाच प्रकार. बाहुलीच्या समोर आला तर नजरेला कायमचा अडथळा.

स्टेरॉइडचं: आत्ता सूज उतरवली नाही तर दाणे घासत राहणार आणि जखम भरणार नाही. म्हणून थोडे दिवस, मोजून, प्रेशर तपासत देतात आणि उतरवत आणतात. तुम्ही दिलंत ते कुणी न मोजता. औषध तेच, फरक मोजणाऱ्याचा. प्रेशर साधारण १० ते २१ मध्ये असावं. वाढलं तरी मुलाला काहीच कळत नाही, ना दुखत ना लाल होत. उलट डोळा छान पांढरा दिसतो आणि आई-बाबा खूश. मागची नस मात्र वाळत असते. तो काचबिंदू, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. सायक्लोस्पोरिन देतात ते नेमकं यासाठीच, की स्टेरॉइड सोडता यावं. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून लोक मध्येच सोडतात.

हरिपूर_रोड

तिरकी_नजर ताई, मक्याचे दाणे दर मिचकावणीला घासतात हे वाचून मीच डोळे मिटून बसले. धन्यवाद. बाकीच्यांचंही वाचतेय.

निंबोणी

ॲलोपथीत एकाला दुसरं आणि दुसऱ्याला तिसरं, हेच चालतं. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुतात, रात्री गाईच्या तुपाचं काजळ. माझ्या आजीला ८० व्या वर्षी सुईत दोरा ओवता यायचा. मुलाच्या आहारात बघा आधी. रात्री दही, बेकरीचे पदार्थ बंद.

तिरकी_नजर

आजींना नमस्कार. पण आजींच्या बुबुळावर उघडी जखम नव्हती. घरी उकळलेलं कसलंही पाणी, काजळ, मध, तुरटी, बाळंतिणीचं दूध, यातलं काहीही जखमेच्या डोळ्यात नको. कुणाकडून औषध घ्यायचं हा वाद आपण दुसऱ्या धाग्यावर घालू.

आणि बेदाणा दादांचं गुलाबपाणीसुद्धा नको. गार हवंय ना, स्वच्छ रुमाल फ्रीजमधल्या पाण्यात भिजवून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. खाज खरंच उतरते.

तासगावचा_बेदाणा

बरं बाई. गुलाबपाणी गुलाबजामला ठेवतो.

चारभिंतीवरून

सातारकर. वय ३१. हा धागा दोन दिवस नुसता वाचत होतो, म्हटलं लिहावं. ताई, तुमच्या सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि त्या खऱ्या अर्ध्यानेच माझा घात केला.

मला सहाव्या-सातव्या वर्षापासून हेच. खाज, तार, लाल डोळे. मी चोळायचो कसं, तर मुठीची गाठ डोळ्यात घालून स्क्रू फिरवल्यासारखं. चोळताना इतकं सुख वाटायचं की विचारू नका. आईने हातावर मारलं, मग मी पांघरुणात चोळायचो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी खाज खरंच गेली. घरात सगळे म्हणाले, बघा, सांगितलं होतं ना.

मग एका संकष्टीला गच्चीवर चंद्र बघायला गेलो. आई म्हणाली, 'दिसला का रे?' मी म्हटलं, 'दिसला, पण चार-पाच आहेत.' सगळे हसले. मीपण हसलो. मला वाटायचं सगळ्यांनाच चंद्राला अशी शेपटं दिसतात. दर सहा महिन्यांनी चष्म्याचा नंबर बदलायचा, सिलिंडरचा नंबर वाढतच चाललेला. मी तीन चष्मेवाले बदलले, कारण प्रत्येकाने चुकीचा चष्मा केला असं मला वाटायचं. रात्री गाडीवर समोरच्या दिव्याचे फटाके फुटल्यासारखे दिसायचे.

शेवटी पुण्यात बुबुळाचा नकाशा काढला, टोपोग्राफी म्हणतात. रंगीत कागद येतो, डोंगराच्या नकाशासारखा, उंच तिथे लाल. माझा सगळा लाल डोंगर खालच्या बाजूला घसरलेला. केराटोकोनस. म्हणजे बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'लहानपणी डोळे चोळायचास?' मी मूठ दाखवली. ते म्हणाले, 'हो, हेच.' चोळणं एकटंच कारण नसतं, मुळात बुबुळ कमकुवत असावं लागतं, पण माझ्यासारख्याने त्यात हातभार नाही, अख्खी मूठ लावली.

डाव्या डोळ्याचं क्रॉसलिंकिंग झालं. वरचं अस्तर काढतात, अर्धा तास रायबोफ्लेविनचे थेंब घालतात (तेच, बी-२ जीवनसत्त्व, पिवळंधम्मक), मग अतिनील किरणांचा दिवा. त्याने बुबुळातले धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात. नंतरचे तीन दिवस मी आईला हाका मारत होतो, खोटं कशाला बोलू. आणि नीट ऐका, याने वाढ थांबते, गेलेलं परत येत नाही. उजवा डोळा तोवर फार पातळ झालेला. साध्या पद्धतीला ४०० मायक्रॉन तरी जाडी लागते, माझी कमी भरली. चांगलं बुबुळ साधारण ५४० चं असतं. त्यामुळे उजव्याला कडक लेन्स. ती लेन्स एकदा पोवई नाक्यावर डोळ्यातून उडाली आणि मी, दोन रिक्षावाले आणि एक फूलवाली मावशी, चौघं रस्त्यावर ओणवे. मावशींना सापडली. निशिगंधाच्या टोपलीत.

भडंगप्रेमी

चार-पाच चंद्र दिसत असतील तर मोदकही त्या हिशोबाने मिळायला हवे होते. अन्याय झाला.

(मित्रा, गंमत केली. पूर्ण वाचलं, पोटात गोळा आला. पुतण्याच्या आईला लिंक पाठवली.)

औषधांचा_डबा

माझं मेडिकल आहे. गाव सांगत नाही, नाहीतर उद्या दुकानावर मोर्चा. ताईंनी 'ओळखीचं मेडिकल' लिहिलंय ते वाचून कान गरम झाले. खरं आहे, आमच्यातले देतात. पण दुसरी बाजूही ऐका. चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक म्हणतं, 'फक्त डोळ्याचं तर आहे, समोरचा देतो.' आणि समोरचा देतो.

एक काम सगळ्यांनी करा. घरातल्या ड्रॉपची बाटली उजेडात धरा आणि बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड. बरेचदा अँटिबायोटिकच्या जोडीला लपलेलं असतं. पुढे मोठ्या अक्षरात मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि मागून हे महाशय. 'साधा अँटिबायोटिक ड्रॉप' म्हणून नेतात तो हाच. ओलोपाटाडिन किंवा किटोटिफेन असेल तर ते स्टेरॉइड नव्हे, ॲलर्जीचं. आणि उघडलेली बाटली महिन्याने फेकायची. बहिणीची बाटली भावाला नाही.

चारभिंतीवरून

डबा साहेब, हे छापून काउंटरवर लावा.

औषधांचा_डबा

लावलंय. त्याच्यावर कुणीतरी 'आज रोख उद्या उधार' चिकटवलं.

हळकुंड_दलाल

सांगलीत आणि हळदीचं नाव नाही? मार्केट यार्डात २२ वर्षं काढली. पॉलिशच्या ढोलाजवळ दिवसभर उभं राहिलं की चिपडंसुद्धा पिवळी येतात. मला कधी ॲलर्जी झाली नाही, आमच्या हमालांपैकी एकाला मात्र डोळ्यांमुळे काम सोडावं लागलं. ताई, घर हरिपूर रोडला म्हणजे पेवांच्या शेजारीच की. आहेत का अजून?

हरिपूर_रोड

नाव बघून ओळखलंत! थोडी आहेत. २००५ च्या पुरात बरीच गेली. माझे सासरे सांगतात, जमिनीखालच्या त्या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षं राहायची आणि कीड लागायची नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतल्या हवेने माणूस गुदमरतो.

हळकुंड_दलाल

बरोबर. उघडून तसंच ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचं. विझला तर माणूस उतरवायचा नाही. माझ्या वडिलांच्या वेळी...

खडू_आणि_फळा

दलालसाहेब, पेवांचा वेगळा धागा काढा, मी पहिली वाचक. इथे डोळ्यांचं चाललंय.

प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. खिडकीकडे पाठ करून बसायचा, फळ्याकडे बघताना कपाळावर हात धरायचा. मी त्याला दोनदा 'नाटकं करू नकोस' म्हणाले. आता ते शब्द आठवले की लाज वाटते. नंतर त्याच्या आईने सांगितलं की त्याला उजेड सुईसारखा टोचतो. मी त्याची जागा बदलली, मैदानावर टोपी घालायची परवानगी दिली. फरक पडला. ताई, शाळेत बाईंना सांगून ठेवा. संसर्गजन्य नाही हेही सांगा, नाहीतर मुलं शेजारी बसत नाहीत.

रात्रीचं_दही

नाव योगायोगाने जुळलंय, निंबोणी ताईंनी रागावू नये. वय ३४, इचलकरंजी, माहेर मिरज. 'वयात आलं की जातं' हे माझ्या बाबतीत झालंच नाही. माझं सुरूच मुळी विशीत झालं. त्वचेचा एक्झिमा आहे, पापण्यांची कातडी खरखरीत, आणि डोळे वर्षभर. डॉक्टर याला वेगळं नाव देतात, एकेसी (ॲटोपिक केराटोकंजंक्टिव्हायटिस). मोठ्यांमधला हा प्रकार सहसा आपोआप जात नाही, बुबुळाचं अस्तर नव्याने बनवणाऱ्या कडेच्या मूळ पेशीही संपू शकतात. मला टॅक्रोलिमसचं मलम आहे, ०.०३ टक्के. पहिले चार दिवस आग, मग सवय. त्यामुळे मोठ्या माणसांनी 'लहान मुलांचा आजार' म्हणून हा धागा बंद करू नये.

हरिपूर_रोड

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना चारभिंतीवरून यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. चंद्रापर्यंत आल्यावर त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, 'धाकट्यालाही रात्री गाडी चालवता येत नाही, तुला माहीत आहे ना?' मला माहीत नव्हतं. दीर ३८ वर्षांचे आहेत. त्यांना पुढच्या आठवड्यात नकाशा काढायला पाठवतोय.

कुस्तीवर उपाय सापडला. सायक्लोस्पोरिनची बाटली फ्रीजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी. आधी कृत्रिम अश्रूंचा गार थेंब, दहा मिनिटं थांबून मग हा. चुरचुर निम्म्यावर आली. डॉक्टरांना विचारूनच केलं. चोळण्याचं अजून अवघड आहे. जागेपणी सांगता येतं, झोपेत मूठ आपोआप जाते. सध्या त्याचे बाबा शेजारी झोपतात आणि हात पकडून ठेवतात. परवा बाबाच घोरत होते आणि हा चोळत होता.

तिरकी_नजर

घोरणाऱ्या बाबांना माफ करा. झोपायच्या आधी गार पट्टी ठेवून बघा, पहिली झोप तरी निवांत लागते.

आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलंय. वयात येताना बहुतेकांची ॲलर्जी ओसरते, हे खरं. पण वण, शंकू झालेलं बुबुळ आणि प्रेशरने वाळलेली नस यांना मिसरूड फुटण्याशी देणंघेणं नाही. म्हणजे ती चार-पाच वर्षं निभावून न्यायची आहेत, काही न मोडता. दिरांचा नकाशा काढताय ते उत्तम. मुलाचाही जखम भरल्यावर काढून घ्या आणि कागद जपून ठेवा. पुढच्या वर्षीचा त्याच्याशेजारी ठेवला तरच फरक कळतो.

हरिपूर_रोड

(जुलै) धागा वर काढतेय. जखम भरायला पाच आठवडे लागले, खरवडावं लागलं नाही. परवा परत नारिंगी पट्टी, निळा दिवा. मी पडद्याकडे बघत होते. हिरवं काही चमकलं नाही. वर बारीक ढगासारखा वण आहे, बाहुलीच्या बाहेर, एका केसाने वाचला म्हणाले. स्टेरॉइड बंद होऊन महिना झाला, प्रेशर १७. सायक्लोस्पोरिन चालू. नकाशा काढला, सध्या ठीक आहे, दर सहा महिन्यांनी काढायचाय. दिरांचा मात्र ठीक नाही. दोन्ही डोळे.

संकष्टीला ढग होते, चंद्र उशिरा दिसला. मी पोराला विचारलं किती दिसतात. 'एकच. का? जास्त असतात?'

भडंगप्रेमी

एकच मोदक द्या त्याला.

सोनचाफा_२२

माझ्या मुलीला पण डोळ्याला खाज आहे, लाल पण होतात. कोणता ड्रॉप घालू? लवकर सांगा, मेडिकल बंद होईल.

औषधांचा_डबा

बंद होऊ द्या.